जसा होता तसा, जिथे होता तिथे

सकाळी नऊच्या आत कार्ड स्वाइप झालं नाही की दुपारपर्यंत एचआरचा मेल येतो, हा छळ आपल्याच पिढीच्या नशिबी आलाय असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी एक बातमी. व्हेनिसमध्ये हेच काम कित्येक शतकं एक घंटा करत होती. नाव मारांगोना. तिकडच्या बोलीत मारांगोन म्हणजे सुतार. व्हेनिसच्या सरकारी गोदीत जहाजं बांधणारे हजारो कारागीर होते. त्यांचा दिवस सुरू झाला हे मारांगोना सांगायची, संपला हेही तीच सांगायची. म्हणजे पंच-इन आणि पंच-आऊट, दोन्ही एकाच घंटेवर. गावभर ऐकू जायचं, त्यामुळे ‘सर, नेटवर्क नव्हतं’ वगैरे चालत नसणार.

ती एकटी नव्हती. सेंट मार्क चौकातल्या त्या विटांच्या मनोऱ्यात एकूण पाच घंटा. नोना वेळ सांगायची. एक सिनेटच्या बैठकीची. त्रोत्तिएरा नावाची तर फारच गोड. ती वाजली की सभेला निघालेल्या सरदार मंडळींनी घोडा दुडक्या चालीला घालायचा, म्हणजे ‘मीटिंग पाच मिनिटांत सुरू होतेय, कुठे आहात?’ आणि पाचवी, सगळ्यांत लहान, ती कुणाला फाशी द्यायची असेल तेव्हा वाजायची. ही शेवटची आपल्याकडे मेलवर येते, शुक्रवारी संध्याकाळी.

हे सगळं आज सांगायचं कारण, आमच्या ग्रुपमध्ये गेला महिनाभर एक वाद पेटलाय. पडलेली जुनी वास्तू परत बांधावी की नाही? निमित्त अर्थातच पॅरिस. नोत्रदाम एप्रिल २०१९ मध्ये जळलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. नुकतीच एक मैत्रीण तिथे जाऊन आली आणि म्हणाली, ‘सॉलिड आहे, पण फारच कोरं दिसतं रे.’ त्यावरून दोन पार्ट्या पडल्या. मला मात्र या वादात पॅरिसपेक्षा व्हेनिसचा घंटेचा मनोरा जास्त जवळचा वाटतो, आणि त्याहून जवळचा आपल्या गोव्यातला एक. पहिला अख्खा पडला आणि अख्खा उभा राहिला. दुसरा अर्धा पडला आणि अर्धाच ठेवलाय.

आधी व्हेनिस. मनोरा जवळपास ९९ मीटर उंच. पाया साधारण हजार वर्षांपूर्वीचा. वरचा घंटांचा मजला, त्यावरचं टोकदार छप्पर आणि शेंड्यावरचा सोनेरी देवदूत हे सगळं सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचं. खलाशांना दुरून पहिल्यांदा दिसायचं ते हेच. १६०९ च्या ऑगस्टमध्ये गॅलिलिओ व्हेनिसच्या बड्या मंडळींना घेऊन याच मनोऱ्यावर चढला आणि आपली दुर्बीण दाखवली. साध्या डोळ्यांना दिसत नाहीत अशी जहाजं दुर्बिणीतून दिसतात म्हटल्यावर दर्यावर्दी व्हेनिसचे डोळे विस्फारले. काही दिवसांतच त्याची विद्यापीठातली नोकरी कायमची झाली आणि पगार जवळपास दुप्पट. अप्रेझलच्या आधी बॉसला कुठे न्यावं याचं इतकं नेमकं उदाहरण दुसरं नाही.

पण उंच असण्याची किंमत असते. या मनोऱ्यावर शतकानुशतकं विजा पडत राहिल्या. चौदाव्या शतकापासून नोंदी आहेत. आगी लागल्या, छप्पर जळालं, भेगा पडल्या, दर वेळी डागडुजी झाली. १७७६ मध्ये अखेर वीजवाहक बसवला. हे साल लक्षात ठेवा, गोव्यात गेल्यावर लागणार आहे.

आता १९०२. मनोऱ्याच्या पायथ्याला टेकून एक छोटी, फार देखणी संगमरवरी वास्तू होती. लोज्जेत्ता म्हणतात तिला. सान्सोविनो या सोळाव्या शतकातल्या मोठ्या शिल्पकाराचं काम. तिच्या छपराची दुरुस्ती चालू होती. पावसाचं पाणी छपरात झिरपू नये म्हणून मनोऱ्याच्या भिंतीत एक दगडी पट्टी बसवलेली होती. ती काढून नीट करायची म्हणून कामगारांनी भिंतीत आडवी खाच मारली. खोली फूटभर, उंची त्याहून थोडी जास्त. एवढंच.

ज्यांनी गेल्या दोन-तीन वर्षांत फ्लॅट घेतलाय त्यांच्या पोटात इथे गोळा आला असेल. आपल्याकडे हे रोज चालतं. ‘ओपन किचन हवंय, ही भिंत काढून टाकू’, ‘टीव्हीची वायर आत घ्यायचीय, जरा खाच मारू.’ आमच्या बिल्डिंगमध्ये एका महाशयांनी हॉल मोठा करताना जे काही तोडलं, त्यानंतर खालच्या मजल्यावरची बाल्कनीची दारं लागेनाशी झाली. ठेकेदाराचं उत्तर ठरलेलं : ‘साहेब, काही होत नाही.’ पन्नास वेळा खरंच काही होत नाही. एकावन्नाव्या वेळेचं कुणी बोलत नाही.

व्हेनिसमध्ये ती एकावन्नावी वेळ होती. मनोरा बाहेरून एकसंध दिसायचा, पण आतून वेगवेगळ्या शतकांतल्या विटांचा गोधडीसारखा जोड होता. आतली भिंत आणि बाहेरची भिंत यांची नीट सांधेजोड नव्हती. विजांनी आणि आगींनी भाजून निघालेला, वरच्या वजनाने भरडलेला चुना ठिकठिकाणी भुकटी झाला होता. खाच मारल्यावर काही दिवसांतच त्या बाजूला भेग दिसली. ती वर सरकायला लागली. तज्ज्ञांनी भेगेवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. ही पद्धत आजही वापरतात, आणि मस्त पद्धत आहे. काच तुटली म्हणजे भेग हलतेय. ना सेन्सर, ना सॉफ्टवेअर. काचा तुटल्या. १३ जुलै, रविवारी, चौकात संध्याकाळी होणारा बँडचा कार्यक्रम रद्द केला, का तर आवाजाचा हादरा नको. सोमवारी, १४ तारखेला सकाळी चौक रिकामा केला. दहाला काही मिनिटं कमी असताना मनोरा खाली बसला.

‘बसला’ हाच शब्द बरोबर. तो आडवा झाला नाही. जागच्या जागी गोळा होऊन खाली आला, विटांचा डोंगर झाला आणि धुळीने चौक पांढरा झाला. सेंट मार्कचं चर्च हाकेच्या अंतरावर, पण ते वाचलं. शेजारच्या जुन्या ग्रंथालयाचा कोपरा गेला. लोज्जेत्ता चिरडली गेली. माणूस एकही दगावला नाही. रखवालदाराची मांजर तेवढी गेली असं सांगतात. शेंड्यावरचा देवदूत मोडून चर्चच्या दाराशी येऊन पडला, आणि गावाने तो शुभशकुन मानला. (मनोरा पडतानाचा एक जबरदस्त फोटो सगळीकडे फिरतो. बघितला असेलच. तो जोडाजोडीचा आहे. १९०२ मध्येसुद्धा लोक फॉरवर्ड करण्याआधी तपासत नव्हते, तेव्हा पोस्टकार्डं होती इतकंच.)

त्याच संध्याकाळी नगरपालिकेची बैठक बसली आणि पाच लाख लिरा मंजूर झाले. त्याच संध्याकाळी! आपल्याकडे एवढ्या वेळात चौकशी समितीच्या अध्यक्षाचं नावसुद्धा ठरत नाही. पुढच्या वर्षी, २५ एप्रिल १९०३ ला, म्हणजे सेंट मार्कच्या सणाच्या दिवशी कोनशिला बसली. त्या वेळी महापौर ग्रिमानी यांनी दिलेली घोषणा वास्तुकलेच्या जगात आजही चालते : जसा होता तसा, जिथे होता तिथे.

सगळ्यांना हे पटलं होतं असं समजू नका. काहींचं म्हणणं, चौक मोकळाच छान दिसतो, चर्चचं रूप पहिल्यांदाच नीट दिसतंय. काहींचं म्हणणं, नवं शतक आहे तर नव्या काळाचा मनोरा बांधा, जुन्याची कॉपी कशाला? हे दुसरं म्हणणं अजिबात फालतू नव्हतं. हजार वर्षं ज्यांनी तो मनोरा वाढवला त्यांनी प्रत्येकाने आपापल्या काळाचं काहीतरी जोडलं होतं. मग आपणच का नक्कल करायची? मी तेव्हा असतो तर बहुतेक कॉलेजच्या जोशात याच पार्टीत असतो. आज मात्र मला महापौरांची बाजू पटते, आणि त्याचं कारण कलेबिलेचं नाही. सोमवारी सकाळी ज्यांच्या खिडकीतून मनोरा नाहीसा झाला, ती सगळी माणसं मंगळवारी जिवंत होती. त्यांना त्याची सावली कुठल्या दुकानावर किती वाजता पडते ते माहीत होतं. मोजमापं होती, चित्रं होती, फोटो होते, ढिगाऱ्यातले तुकडे होते. गावाला आठवत होतं, म्हणून गावाने परत मागितला.

आणि गंमत म्हणजे ‘जसा होता तसा’ हे फक्त बाहेरून. आतून त्यांनी पूर्ण शहाणपणा केला. पाया आधी २२२ चौरस मीटरचा होता, तो ४०७ चौरस मीटर केला. त्यासाठी गाळात ३,०७६ नवे लाकडी खुंट ठोकले. व्हेनिसचं हे गुपित माहीत असेलच. लाकूड चिखलात पूर्ण बुडालं की हवा लागत नाही, हवा नाही म्हणून कुजत नाही. जुने खुंट खणून पाहिले होते, ते हजार वर्षांनंतरही ठणठणीत निघाले. म्हणजे पडला तो पायामुळे नाही, भिंतीमुळे. नव्या भिंती बारा लाखांच्या आसपास नव्या विटांच्या, पण आतली रचना हलकी. वजन जुन्यापेक्षा सुमारे दोन हजार टन कमी. डाएट करून परत आलेला मनोरा म्हणा. जुन्या विटांचं काय केलं? ज्या कामाच्या नव्हत्या त्या पडावांत भरून समारंभाने समुद्रात सोडल्या. आपण जुनी मूर्ती विसर्जित करतो ना, तसंच काहीसं. हे वाचलं तेव्हा मला त्या गावाबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

लोज्जेत्ताचे तुकडे मात्र समुद्रात गेले नाहीत. ते वेचून, जुळवून ती पुन्हा उभी केली. तिथली सान्सोविनोची भाजक्या मातीची मेरी आणि बाळ येशू अक्षरशः शेकडो कपच्यांतून जोडलंय. जिगसॉ पझल ज्यांना ‘रिलॅक्सिंग’ वाटतं त्यांनी याचा विचार करावा.

आणि घंटा? पाचांपैकी चार फुटल्या. एकच धड निघाली : मारांगोना. सगळ्यांत मोठी, साडेतीन टनांहून जास्त वजनाची, शंभर मीटर उंच ढिगाऱ्याबरोबर खाली आली आणि शाबूत राहिली. बाकीच्या चारांचं काम पोप दहावे पायस यांनी स्वतःच्या खर्चाने करून दिलं. ते पोप होण्याआधी व्हेनिसचेच धर्मप्रमुख होते, म्हणजे मनोरा पडला तेव्हाही त्याच पदावर होते. फुटलेल्या घंटांचे तुकडे वितळवून १९०९ मध्ये नव्या घंटा ओतल्या.

इथे घंटेचं थोडं तांत्रिक. आपली देवळातली घंटा स्थिर असते आणि आपण लोलक हलवतो. युरोपातल्या चर्चमध्ये बहुतेक वेळा अख्खी घंटाच झुलते. दोन-तीन टनांचा काशाचा झोपाळा हो! तो एका बाजूला गेला की भिंतीला आडवा धक्का, दुसऱ्या बाजूला गेला की उलटा धक्का. पाच घंटा एकदम झुलल्या तर मनोरा किंचित डोलतो, आणि हे खरंच मोजता येतं. म्हणून शहाणे लोक घंटा भिंतीत अडकवत नाहीत. आत एक वेगळा सांगाडा उभा करतात, शक्यतो लाकडी, म्हणजे धक्का त्यात जिरतो. जुन्या मनोऱ्यांच्या दुरुस्तीत पहिली मारामारी इथेच होते. कुणीतरी मधल्या काळात लाकूड कुजलं म्हणून लोखंडी गर्डर थेट भिंतीत घातलेले असतात. लोखंड गंजतं, गंजताना फुगतं आणि दगड आतून फाटतो. बाहेरून रंग दिलेला असतो. सगळं कसं छान!

२५ एप्रिल १९१२ ला नवा मनोरा उघडला. पडल्यापासून दहा वर्षंसुद्धा झाली नव्हती. आज तिथे सेल्फी काढणाऱ्या बहुतेकांना तो शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे हे माहीत नसतं. आणि कामं संपलेली नाहीतच. पुढे पायाला पुन्हा बारीक भेगा दिसल्या, मग २००७ नंतरची काही वर्षं खर्चून जमिनीखाली पायाभोवती टायटॅनियमचा कंबरपट्टा आवळला. मनोऱ्याला कंबरपट्टा, हे व्हेनिसलाच सुचावं.

आता चला गोव्याला. बीच नाही, ओल्ड गोवा. पणजीहून जेमतेम दहा किलोमीटर. आपण तिथे जातो ते बहुधा शेवटच्या दिवशी, बस रात्रीची असते आणि चेकआऊट सकाळी होतं म्हणून. बॉम जेझूमध्ये जायचं, समोरच्या से कॅथेड्रलसमोर ग्रुप फोटो, उन्हात शहाळं, संपलं. पण से कॅथेड्रलचा तो फोटो जरा परत काढून बघा. एकाच बाजूला मनोरा आहे. दुसरा १७७६ मध्ये पडला. हो, तेच साल. व्हेनिसने आपल्या मनोऱ्यावर वीजवाहक बसवला त्याच वर्षी गोव्यातला मनोरा गेला, आणि वीज पडून गेला असंच बरेचजण सांगतात. तो परत कधी बांधलाच नाही. अडीचशे वर्षं ते चर्च एका खांद्याने उभं आहे आणि आता तेच त्याचं रूप झालंय. उरलेल्या मनोऱ्यात गोव्यातली सगळ्यांत मोठी घंटा आहे, ‘सोन्याची घंटा’ म्हणतात तिला, तिच्या आवाजामुळे.

तिथून चालत टेकडीवर जा. सेंट ऑगस्टीनचा मनोरा. जांभ्या दगडाचा, ४६ मीटर उंच, आणि उभा चिरलेला, अर्धा. बाकीच्या अर्ध्याच्या जागी आभाळ. ऑगस्टिनियन पंथाचे साधू १५७२ मध्ये गोव्यात आले. हे चर्च १६०२ मध्ये पूर्ण झालं. गोव्यातल्या सगळ्यांत भव्य वास्तूंपैकी एक. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मपंथांचे मठ बंद केले, साधू गेले, आणि रिकाम्या घराचं जे होतं तेच झालं. १८४२ मध्ये छताची कमान कोसळली. पुढची भिंत आणि अर्धा मनोरा १९३१ मध्ये गेला, काही भाग आणखी काही वर्षांनी. व्हेनिसचा मनोरा बघता बघता गेला. हा शंभर वर्षं जात होता. कुणी काच चिकटवून बघत नव्हतं.

मग हाही बांधावा का ‘जसा होता तसा’? आमच्या ग्रुपमधला एक इंजिनीअर म्हणतो, थ्रीडी स्कॅन आहे, पैसा आहे, जांभा कोकणात हवा तेवढा आहे, प्रॉब्लेम काय? प्रॉब्लेम असा, की मनोरा पडायच्या आधी त्याच्याखालचं शहरच गेलं होतं. ओल्ड गोव्यात साथींवर साथी आल्या, माणसं हटली, राजधानी पणजीला गेली. १८४३ मध्ये त्यावर सरकारी शिक्का बसला. कुणाच्या खिडकीतून हा मनोरा नाहीसा झाला? जवळपास कुणाच्याच नाही. छत पडलं तेव्हा कॅमेरा नुकता जन्मला होता, त्यामुळे आतलं कसं होतं ते बरंचसं अंदाजानेच ठरवावं लागेल. आणि अंदाजाने उभं केलं की तो सिनेमाचा सेट होतो. लग्नाच्या फोटोशूटला झकास, पण मग त्याला ऑगस्टीनचा मनोरा म्हणू नये. १९६४ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी जुन्या वास्तूंसाठी एक सनद केली. तिचा गाभा हाच, की जिथे अंदाज सुरू होतो तिथे दुरुस्तीचं काम थांबवा, आणि भग्नावशेष नव्याने बांधू नका. फार तर निखळलेले मूळ तुकडे परत जागेवर बसवा. ही सनद झाली कुठे? व्हेनिसमध्ये! त्या डाएट केलेल्या मनोऱ्याच्या गावात. योगायोगाची हद्द आहे.

पण ‘आहे तसं ठेवा’ म्हणजे ‘काही करू नका’ नव्हे, आणि इथेच आपली गल्लत होते. अर्धा मनोरा सांभाळणं हे अख्खा सांभाळण्यापेक्षा अवघड. अख्ख्याला डोक्यावर छप्पर असतं. अर्ध्याचं पोट उघडं. जांभा खणताना मऊ असतो, हवेवर कडक होतो, पण सच्छिद्र. कोकणातला चार महिन्यांचा पाऊस त्यात शिरतो. म्हणून जुन्या लोकांनी त्याला चुन्याचा गिलावा दिला होता. जांभा उघडा ठेवायचा नसतो, तो कपडे घालून राहणारा दगड आहे. बॉम जेझूचा तो तांबूस, ‘रस्टिक’ म्हणून आपल्याला आवडणारा चेहरा मूळचा नाहीच. १९५० च्या दशकात त्याचा गिलावा काढून टाकला, आणि तेव्हापासून दगड झिजतोय. परत गिलावा द्यावा का यावर अजून भांडणं चालू आहेत. माझं मत विचाराल तर द्यावा. इन्स्टाग्रामवर कमी लाइक मिळतील, चालेल.

ऑगस्टीनची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. ओल्ड गोव्याची चर्चेस आणि मठ १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. अशा ठिकाणचं काम फोटोत दिसत नाही. भिंतीच्या माथ्यावर पाणी साचू नये म्हणून उतार काढायचा. दरजांत उगवलेली पिंपळाची रोपं मुळासकट काढायची, नुसती छाटली तर दुप्पट जोमाने येतात. दरजा भरायच्या त्या चुन्याने. सिमेंटने नाही. का? सिमेंट दगडापेक्षा कडक आणि बंद. आत गेलेलं पाणी सिमेंटमधून बाहेर येऊ शकत नाही, मग ते दगडातून वाट काढतं, क्षार फुलतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. चुना दगडाला सोसतो, हलला तर थोडा हलतो, झिजायचं तर आधी स्वतः झिजतो. पंधरा-वीस वर्षांनी तो परत भरावा लागतो, आणि नेमकं हेच कुठल्याही टेंडरला आवडत नाही. सगळ्यांना ‘परमनंट सोल्यूशन’ हवं असतं.

पडझडीतूनही गोष्टी निघतात बरं. याच अवशेषांत जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थी असल्याचा जुना पोर्तुगीज उल्लेख होता. १६२४ मध्ये इराणच्या शाहने तिला हालहाल करून मारलं आणि साधूंनी तिचे अवशेष गोव्यात आणले, असा. या शतकात खोदकामात हाडं सापडली, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासणी झाली, आणि २०२१ च्या जुलैमध्ये भारताने त्या अस्थी जॉर्जियाला भेट दिल्या. टेकडीवर काँक्रीटचा नवाकोरा मनोरा ओतला असता तर ही राणी खालीच राहिली असती.

आणि ऑगस्टीनची घंटा? ती पडझडीत गेली नाही. आधी आग्वादच्या किल्ल्यावर गेली, तिथे काही वर्षं दर्यावर्दींच्या कामी आली. १८७१ मध्ये पणजीच्या मुख्य चर्चमध्ये आली. तेच ते पांढरंशुभ्र चर्च, झिगझॅग पायऱ्यांचं, ज्याच्यासमोर निम्म्या हिंदी सिनेमांतले हिरो नाचून गेलेत. तिचं वजन पेलावं म्हणून चर्चचा मधला भाग मुद्दाम उंच केला. गोव्यातली दुसऱ्या क्रमांकाची मोठी घंटा आहे ती.

घंटांचं हे असं असतं. मनोरे जागचे हलत नाहीत, घंटा मात्र फिरतात. आपल्याला हे नवीन नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांबरोबर घाट चढल्या आणि देवळांत जाऊन बसल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराची घंटा, भीमाशंकरची घंटा, वाईजवळ मेणवलीची घंटा, सगळ्या त्याच गोतावळ्यातल्या मानतात. मेणवलीला वीकेंडला जाणाऱ्यांनी घाटावरच्या छोट्या देवळात मान वर करून बघावं. आकारच सांगतो की ही बाई इथली नव्हे.

ग्रुपवरचा वाद अजून मिटलेला नाही. इंजिनीअर मित्राने कालच ऑगस्टीनच्या मनोऱ्याचं कॉम्प्युटरवर पूर्ण केलेलं चित्र पाठवलं. सुंदर आहे, खरंच. मी त्याला म्हटलं, हे फोनमध्ये ठेव आणि टेकडीवर उभं राहून बघ, कुणाचं काही बिघडत नाही. तर तो म्हणतो, डिसेंबरचं बुकिंग करूया. आठ डिसेंबरला पणजीच्या चर्चचा सण असतो, आजूबाजूला जत्रा भरते, आणि ऑगस्टीनची घंटा ऐकायची तर त्याहून चांगला दिवस नाही. रजा मात्र आत्ताच टाका, टीममधून एका वेळी दोघांनाच मिळते.